लोखंडी नांगर ते एआय: लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या आयुष्यातून शिकण्यासारखा हिशोब

एआयबद्दल सध्या फोनवर दोनच प्रकारच्या बातम्या दिसतात. एक म्हणते, एआय शिका नाहीतर संपलात. दुसरी म्हणते, हा सगळा फुगा आहे, आज ना उद्या फुटणारच. मधल्या मध्ये आपल्यासारख्यांची पंचाईत होते. घरच्यांकडून पैसे घेऊन एखादा महागडा एआय कोर्स करायचा की नाही, हा प्रश्न सांगली-साताऱ्यातल्या बऱ्याच मुलामुलींसमोर आहे.

मी या प्रश्नाचं उत्तर एका माणसाच्या आयुष्यात शोधतो. त्यानं याच भागात नवीन यंत्र विकायला काढलं तेव्हा लोकांनी त्याच्याकडे संशयानं पाहिलं होतं. त्याचं नाव लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर.

रंग ओळखता येईनात, म्हणून यंत्रांकडे

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगावजवळच्या गुर्लहोसूरचा. चित्रकलेची आवड होती म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथं कळलं की त्यांना काही रंगच नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार व्हायचं स्वप्न तिथंच संपलं. पण रेषा काढायला रंग लागत नाहीत, म्हणून ते यंत्रांची आरेखनं शिकले. पुढं मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवायलाही लागले.

याच काळात मोठे भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलींचा धंदा सुरू झाला. लक्ष्मणराव मुंबईतून सायकली पाठवायचे आणि रामूअण्णा बेळगावात विकायचे. किर्लोस्कर ब्रदर्सची सुरुवात १८८८ सालची मानली जाते. पुढं बढतीची वेळ आली तेव्हा संस्थेनं लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला वर घेतलं. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि थेट बेळगाव गाठलं.

नांगर तयार, पण घेणार कोण?

बेळगावात त्यांनी आधी कडबा कापायचं यंत्र बनवलं, मग लोखंडी नांगर. नांगराचं तंत्र साधं आहे. लाकडी नांगर जमीन नुसती फाडत जातो. लोखंडी नांगर खोल जातो आणि मातीची कूस पालटतो. हरळीसारखं चिवट तण मुळासकट वर येतं. कागदावर फायदाच फायदा.

तरीही शेतकरी घेईनात. लोखंडानं जमिनीत विष भिनेल, अशी भीती होती. पहिला नांगर खपायला तब्बल दोन वर्षं लागली, असं सांगतात.

ही गोष्ट बहुतेक वेळा अडाणी शेतकरी आणि शहाणा उद्योजक अशी सांगितली जाते. मला ते पटत नाही. शेतकऱ्याच्या जागी उभं राहून बघा. लाकडी नांगर गावातला सुतार करायचा, मोडला तर तोच जोडून द्यायचा, आणि मोबदला बलुत्यात जायचा. लोखंडी नांगराला रोख पैसे मोजायचे आणि जास्त बैल जोडायचे. त्याचा फाळ झिजला तर नवा कुठून आणायचा? पीक वाढेल असं फक्त विकणारा सांगतोय. विषाची भीती खोटी होती, पण बाकीचा हिशोब चुकीचा नव्हता.

औंधच्या राजांचा हात

धंदा जरा मार्गी लागत होता, तोच बेळगावच्या नगरपालिकेनं कारखान्याची जागा रिकामी करायला लावली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. औंध म्हणजे आजच्या सातारा जिल्ह्यातलं. पण संस्थान तुकड्यातुकड्यांत पसरलेलं होतं आणि त्यातला एक तुकडा कुंडलकडे होता. तिथं कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि कर्ज लक्ष्मणरावांना मिळालं. जमीन म्हणजे निवडुंग आणि सापांचं माळरान. १९१० साली तिथं कारखाना आणि वसाहत उभी राहिली. तीच आजची किर्लोस्करवाडी, सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातली.

वाडीत लक्ष्मणरावांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी राखणीचं काम दिलं. शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर यांच्यासारखे सहकारी मिळाले. पहिल्या महायुद्धात परदेशी माल येईना, त्यामुळं मागणी होती, पण कच्चं लोखंड आणि कोळसाही मिळेना. त्यातूनही कारखाना तगला.

एकटा नांगर पुरला नाही

मला या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग इथून पुढचा वाटतो. नांगरानं जमीन खोल नांगरली, पण पाणी नसेल तर उत्पन्न किती वाढणार? ऊस लावला तर तो गाळणार कसा? किर्लोस्करवाडीतून पुढं उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं, पंप आणि १९२६ च्या सुमारास डिझेल इंजिन बाहेर पडलं. १९२० साली 'किर्लोस्कर खबर' नावाचं मासिकही निघालं. ते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव चालवायचे. सुरुवातीला त्याचा उद्देश मालाची माहिती लोकांपर्यंत पोचवणं हाच होता. म्हणजे त्या काळची टेक वेबसाइटच म्हणा ना!

थोडक्यात, नवीन यंत्राचा पैसा एकट्या यंत्रातून येत नाही. त्याच्याभोवतीची साखळी पूर्ण झाली की येतो. अमेरिकेतल्या कारखान्यांचंही तसंच झालं. वीज तिथं १८८० च्या दशकात पोचली, पण उत्पादकता जोरात वाढली ती १९२० च्या दशकात. मधली वर्षं कारखान्यांची मांडणीच बदलण्यात गेली.

एआयवर शंका का वाढतेय?

आता आजचं बघू. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९८७ मध्येच निरीक्षण मांडलं होतं की संगणक सगळीकडे दिसतात, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाहीत. एआयचं तेच होतंय का, हा आजचा प्रश्न आहे.

डॅरन असेमोग्लू यांना २०२४ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी त्यांनी अंदाज मांडला की एआयमुळं दहा वर्षांत एकूण उत्पादकता फार तर ०.६६ टक्के वाढेल. सोप्या भाषेत, तेवढीच माणसं आणि तेवढीच यंत्रं जिथं शंभर रुपयांचं काम करायची, तिथं दहा वर्षांनी शंभर रुपये सहासष्ट पैशांचं करतील. २०२५ मध्ये मेटर या संस्थेनं १६ अनुभवी प्रोग्रामरवर प्रयोग केला. एआय वापरून त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला, पण त्यांना स्वतःला मात्र आपण २० टक्के वेगवान झालो असंच वाटत होतं!

याचा अर्थ एआय निकामी आहे असा नाही. प्रयोग छोटा होता, साधनं रोज बदलताहेत, आणि असेमोग्लूंचा अंदाज सगळ्याच अर्थतज्ज्ञांना मान्य नाही. पण गाजावाजा आणि मिळकत यांत अंतर आहे, हे नक्की.

मग आपण काय करायचं?

ज्यावर लोकांनी शंका घेतली ते सगळंच पुढं चालतं, असंही समजू नका. नांगर टिकला म्हणून त्याची गोष्ट आपल्याला माहीत आहे. न टिकलेल्या यंत्रांच्या गोष्टी कोणी सांगत नाही.

महाराष्ट्र सरकारनं २०२५ मध्ये शेतीतल्या एआयसाठी ५०० कोटींचं धोरण मंजूर केलं. बारामतीत उसावर प्रयोग चालू आहेत. त्यामुळं सांगली-साताऱ्याच्या ऊसपट्ट्यातही हा विषय निघणारच. तेव्हा तीन प्रश्न विचारा. एकरी खर्च वजा जाता हातात किती उरलं? सेन्सर बंद पडला तर दुरुस्त कोण करणार? आणि हे आकडे विकणाऱ्याचे आहेत की वापरणाऱ्याचे?

कोर्सलाही हेच प्रश्न लावा. पैसे भरायच्या आधी फुकट मिळणारं साधन महिनाभर स्वतःच्या कामात वापरा आणि किती वेळ वाचला ते घड्याळ लावून लिहून ठेवा. त्या शेतकऱ्यांना निदान शेजाऱ्याच्या रानात नांगर चालताना पाहून मग पैसे देता येत होते. आपल्याला मात्र आधी पैसे भरा, मग बघू, असं सांगितलं जातंय.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारनं टपाल तिकीट काढलं. कुंडल रोड स्टेशनचं नावही आता किर्लोस्करवाडी आहे. शंका घेणारी गिऱ्हाईकं त्यांना दोन वर्षं पुरली. पण त्यांनी गिऱ्हाइकांना नावं ठेवली नाहीत, माल सुधारत नेला. एआय विकणाऱ्यांकडूनही आपण तेवढीच अपेक्षा ठेवूया.