समरकंदचे नक्षत्रवेधी सुलतान : मिर्झा उलुग बेग



मी पदवीधर इतिहासाचा; पण शाळेच्या गरजेप्रमाणे भूगोलाचे तासही माझ्याकडे असतात. एकदा आठवीच्या वर्गात फळ्यावर सूर्यमालेची वर्तुळे काढीत असताना पुढच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "सर, तुम्ही बुध पाहिला आहे का?" मी नाही म्हणालो. वर्ग हसला नाही, परंतु मलाच ओशाळल्यासारखे झाले. शुक्र, मंगळ, गुरू, शनी हे ग्रह मी ओळखत होतो. बुधाचे वर्तुळ मात्र दरवर्षी न चुकता काढीत आलो होतो आणि तो ग्रह मी कधी पाहिलाच नव्हता. पुढे एका संध्याकाळी मावळतीला, सूर्यास्तानंतर पाऊण तासाने, तो दिसला. त्या निमित्ताने डोळ्यांनी ग्रह पाहणाऱ्यांविषयी जे वाचले त्यात एक माणूस मनात ठाण मांडून बसला. त्याची हकीकत येथे सांगतो.

मिर्झा उलुग बेग यांचे खरे नाव मुहम्मद तरागाय. उलुग बेग म्हणजे थोर सरदार. ही पदवीच पुढे नाव होऊन बसली. ज्या तैमूरने इ. स. १३९८ मध्ये दिल्ली लुटली, त्याचे हे नातू. वडील शाहरुख, आई गौहरशाद. २२ मार्च १३९४ रोजी इराणातील सुलतानिया येथे, आजोबांची स्वारी चालू असताना त्यांचा जन्म झाला. त्यांचे बालपण लष्कराच्या तळावरच गेले. त्याच काळात मरागा येथील पडक्या वेधशाळेचे अवशेष त्यांच्या पाहण्यात आले व तेथून हा नाद लागला, असे सांगतात.

तैमूर १४०५ मध्ये वारला. शाहरुखने आपली राजधानी हेरात येथे ठेवली आणि १४०९ मध्ये समरकंदचा कारभार या पंधरा वर्षांच्या मुलाकडे सोपविला. आजोबांनी तलवारीच्या जोरावर जी संपत्ती आणि जे कारागीर समरकंदला आणले होते, त्यांचा उपयोग नातवाने वेगळ्याच कामासाठी केला. १४१७ ते १४२० या काळात त्यांनी समरकंदच्या रेगिस्तान चौकात भव्य मदरसा बांधला. बुखारा येथेही मदरसा उभा केला. समरकंदच्या मदरशात दीनी विषयांबरोबर गणित आणि खगोलशास्त्र शिकविले जाई, आणि सुलतान स्वतः तेथील चर्चेत भाग घेत.

विद्वानांची निवड त्यांनी फार चोखंदळपणे केली. बुर्सा शहरातून आलेले काझीजादा रूमी हे त्यांचे उस्ताद. काशान येथील जमशेद अल-काशी हे त्या काळचे सर्वांत कुशल गणिती. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर त्यांनी १४२४ मध्ये दशांशाच्या सोळा स्थळांपर्यंत अचूक काढले. तिसरे अली कुशजी. कुशजी म्हणजे बाज पाळणारा. अली यांचे वडील शाही बाजांची देखभाल करीत. म्हणजे चाकरमान्याचा मुलगा राजाचा शिष्य झाला, आणि शेवटी सर्वांत मोठी कामगिरी याच मुलाने केली. ती पुढे येईल.

अल-काशी यांनी समरकंदहून आपल्या वडिलांना लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत, हे आपले भाग्य. त्यांवरून कळते की सुलतानांना कुराणशरीफचा बराच भाग मुखोद्गत होता आणि घोड्यावर बसून जात असता जुन्या एका तारखेची सूर्याची स्थिती ते मनातल्या मनात कलांपर्यंत काढीत. शिकारीची नोंदवही हरवली तेव्हा त्यांनी ती सारी आठवणीतून लिहवून घेतली. पुढे मूळ वही सापडली आणि ताडून पाहता मोजक्याच ठिकाणी फरक निघाला, असेही एका जुन्या इतिहासकाराने नमूद केले आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. दुर्बिणीचा उपयोग आकाशाकडे पाहण्यासाठी होऊ लागला तो १६०९ मध्ये. त्याआधी जगभर ग्रह पाच : बुध, शुक्र, मंगळ, गुरू आणि शनी. आपल्या जुन्या किताबांतील उतारिद, जुहरा, मिर्रीख, मुश्तरी व जुहल ते हेच. युरेनस अगदी काळोख्या रात्री डोळ्यांना अंधूकसा दिसू शकतो. पण तो ग्रह आहे हे १७८१ पर्यंत कोणी ओळखले नाही. ग्रह नुसता दिसणे सोपे आहे. कठीण काम पुढचे आहे. तो तारकांच्या तुलनेत आज नेमका कोठे आहे हे मोजायचे, पुन्हा मोजायचे, वर्षानुवर्षे मोजत राहायचे. शनीला एक फेरी पूर्ण करण्यास साडेएकोणतीस वर्षे लागतात. म्हणून मरागा येथे नसीरुद्दीन तुसी यांनी हुलागू खानाकडे तीस वर्षांची मुदत मागितली होती; खानाने बारा वर्षांत काम उरकण्यास सांगितले. राज्यकर्त्यांची घाई तेव्हाही होती! समरकंदला मात्र राजा आणि ज्योतिर्विद एकच असल्याने घाई करणारा कोणी नव्हता.

वेधशाळा १४२० नंतरच्या दशकात शहराच्या ईशान्येस कुहक टेकडीवर उभी राहिली. इमारत गोल, तीन मजली. आत मुख्य यंत्र होते ते दगडी कमानीचे, दक्षिणोत्तर रोखलेले, सुमारे ४० मीटर त्रिज्येचे. कमानीचा खालचा भाग खडक खोदून जमिनीत नेलेला होता. एवढे मोठे यंत्र कशासाठी? मुलांनो, तुमच्या कंपासपेटीतील कोनमापक काढा. त्यावर एक अंश म्हणजे जेमतेम एक मिलीमीटर. समरकंदच्या कमानीवर एक अंश म्हणजे सुमारे ७० सेंटीमीटर, आणि अंशाचा साठावा भाग, म्हणजे एक कला, सुमारे १२ मिलीमीटर. निरोगी डोळ्याला साधारण एका कलेइतका फरक ओळखता येतो. भिंग नव्हते, म्हणून त्यांनी यंत्रच मोठे केले. दुपारी उंचावरील छिद्रातून आलेला सूर्यप्रकाशाचा कवडसा कमानीवर पडे आणि त्यावरून सूर्याची उंची वाचता येई.

या यंत्राला एक मर्यादाही होती. ते जागचे हलत नसल्याने ग्रह मध्यमंडलावर येईल तेव्हाच पाहता येई. गुरू, शनी आणि मंगळ रात्री तेथे येतात. बुध सूर्यापासून २८ अंशांपलीकडे व शुक्र ४७ अंशांपलीकडे कधी जात नाही. त्यामुळे रात्रीच्या अंधारात हे दोघे मध्यमंडलावर सापडतच नाहीत. त्यांच्यासाठी फिरत्या कड्यांची वेगळी यंत्रे लागत. पूर्वी तारा उजाडण्याआधी आणि मग संधिप्रकाशात धावपळ करणारे ते लोक डोळ्यांसमोर आणून पाहावेत.

अल-काशी १४२९ मध्ये वारले, नंतर काझीजादाही गेले. काम अली कुशजी यांना सोबत घेऊन पुरे झाले. १४३७ सालच्या सुमारास तयार झालेल्या या कोष्टकांना 'झीज-ए-सुलतानी' म्हणतात. त्यात १०१८ ताऱ्यांची स्थाने आहेत. दुसऱ्या शतकातील टॉलेमीची यादीच तोवर थोडाफार फेरफार करून वापरली जात होती. उलुग बेग यांनी बहुतेक तारे स्वतः पुन्हा मोजले. फार दक्षिणेकडील २७ तारे समरकंदहून दिसत नाहीत, ते अल-सूफी यांच्या ग्रंथातून घेतले आणि तसे प्रस्तावनेत स्पष्ट लिहिले. (हा प्रामाणिकपणा प्रयोगवही लिहिताना आपल्या विद्यार्थ्यांनीही लक्षात घ्यावा.) नाक्षत्र वर्षाची लांबी त्यांनी ३६५ दिवस ६ तास १० मिनिटे ८ सेकंद दिली, आजच्या मापाशी फरक एका मिनिटाच्याही आत आहे. शनी वर्षाला सव्वाबारा अंशांच्या किंचित आत आणि गुरू तीस अंशांहून थोडा अधिक सरकतो, हे आकडेही त्यांनी काही विकलांच्या फरकाने बरोबर दिले.

राज्यकर्ते म्हणून ते तितके यशस्वी झाले नाहीत, हे लपविण्यात अर्थ नाही. १४२७ मध्ये बराक खानाकडून त्यांचा पराभव झाला आणि वडिलांचा रोष पत्करावा लागला. १४४७ मध्ये शाहरुख वारले आणि घरातच वारशाची झुंज सुरू झाली. उलुग बेग यांचा ओढा धाकटा मुलगा अब्दुल अझीज याच्याकडे होता. १४४८ च्या लढाईत थोरल्या अब्दुल लतीफने पराक्रम केला, पण विजयपत्र धाकट्याच्या नावे निघाले. थोरल्यापासून आपल्या जिवाला धोका आहे असे त्यांनी त्याच्या कुंडलीत पाहिले होते, अशीही कथा आहे. ती खरी असेल तर मला वाटते, ग्रहांपेक्षा त्या समजुतीनेच जास्त घात केला. ज्या मुलाकडे बाप संशयाने पाहतो, तो मुलगा बापाचा कसा राहणार?

१४४९ मध्ये अब्दुल लतीफने बंड केले. समरकंदजवळ सुलतानांचा पराभव झाला व ते मुलाच्या स्वाधीन झाले. त्यांना हजला जाण्याची परवानगी मिळाली. इकडे मुलाने काझींकडून फतवा मिळविला, की ज्याचा बाप सुलतानांच्या हुकमाने मारला गेला त्याने सूड घ्यावा. काझी मिस्कीन यांनी मात्र त्यावर सही करण्यास नकार दिला. २७ ऑक्टोबर १४४९, रमजानचा महिना. शहरापासून थोड्या अंतरावरील एका गावात हजच्या वाटेवरील त्या माणसाचा शिरच्छेद झाला. काही दिवसांच्या अंतराने अब्दुल अझीजही मारला गेला. अब्दुल लतीफला राज्य सहा-सात महिनेच लाभले. १४५० मध्ये त्याचाही वध झाला आणि त्याचे शिर बापाच्या मदरशाच्या कमानीवर टांगले गेले. विज्ञानाच्या द्वेषापोटी उलुग बेग यांना मारले असे काही लोक लिहितात. मला तरी त्यामागे गादीचे भांडणच मुख्य दिसते. १९४१ च्या जून महिन्यात समरकंदच्या गूर-ए-अमीर मकबऱ्यातील त्यांची कबर उघडण्यात आली, तेव्हा मानेच्या मणक्यावर घाव आढळला. त्यांना शहिदाप्रमाणे अंगावरच्या कपड्यांनिशी दफन केलेले होते.

वेधशाळा ओस पडली. बाबरने १४९७ मध्ये समरकंद घेतले तेव्हा तिची इमारत पाहिल्याचे आपल्या आत्मचरित्रात नोंदविले आहे. पुढे तीही नाहीशी झाली. विटा लोकांनी नेल्या असाव्यात. १९०८ मध्ये व्याटकिन या संशोधकाला जमिनीत गाडलेला कमानीचा भाग सापडला.

पण कोष्टके वाचली. अली कुशजी ती घेऊन हेरात, तब्रीज करीत शेवटी इस्तंबूलला सुलतान मुहम्मद फातेह यांच्याकडे गेले आणि तेथे १४७४ मध्ये वारले. ऑक्सफर्ड येथे १६६५ मध्ये ताऱ्यांची यादी फार्सी व लॅटिनमध्ये छापली गेली. आपल्या देशात सवाई जयसिंगांनी दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा व बनारस येथे वेधशाळा बांधल्या, त्यांच्यासमोर आदर्श होता तो समरकंदचा. त्यांची झीज-ए-मुहम्मदशाही उलुग बेग यांच्याच कोष्टकांच्या धर्तीवर आहे. उज्जैन किंवा जयपूरची सहल निघाली तर जंतरमंतरची ती दगडी यंत्रे पाहताना हे लक्षात असू द्या.

चंद्राच्या आपल्याकडील बाजूला, पश्चिम कडेजवळ, उलुग बेग यांच्या नावाचे एक विवर आहे. तेथे उभे राहिले तर पृथ्वी कायम क्षितिजालगतच दिसेल, आणि हवा नसल्याने आकाश दिवसाही काळे असेल. मंगळावरून तर आपली पृथ्वी शुक्रासारखी दिसते, कधी संध्याकाळी, कधी पहाटे, सूर्यापासून फार लांब न जाणारी. ३१ जानेवारी २०१४ रोजी मंगळावरील क्युरिऑसिटी या गाडीने सूर्यास्तानंतर घेतलेल्या छायाचित्रात आपण सारे असेच एका चमकत्या ठिपक्यात आहोत, आणि चंद्र त्याच्या अगदी शेजारी.