मांडवीचे डॉक्टर

मुंबई बंदराच्या लगत मांडवी नावाची जुनी वस्ती आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे धान्याची मोठमोठी कोठारे होती आणि त्यांच्या सभोवती चाळींची दाटी झाली होती. एकेका अंधाऱ्या खोलीत अनेक माणसे राहत. सूर्यप्रकाशाला व वाऱ्याला तेथे जणू मज्जावच होता. या वस्तीतील रुग्णांची सेवा करणारे एक निष्ठावंत वैद्य म्हणजे डॉ. अकासियो व्हिएगास.

व्हिएगास यांचा जन्म १ एप्रिल १८५६ रोजी गोव्यातील हडफडे या गावी झाला. शिक्षणासाठी ते मुंबईस आले आणि १८८० साली ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या परीक्षेत प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाले. पुढे ते महापालिकेचे सभासदही झाले.

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मांडवीत एक विलक्षण ताप उद्भवला. रोग्याच्या काखेत वा जांघेत गाठ येई आणि थोड्याच दिवसांत तो दगावे. हा प्लेग आहे, हे डॉक्टरांनी ओळखले. परंतु ते उघडपणे सांगणे सोपे नव्हते. प्लेगचे नाव निघताच बंदराचा व्यापार धोक्यात येणार होता व शहरात हाहाकार उडणार होता. तरीही त्यांनी महापालिकेपुढे सत्य मांडले. तज्ज्ञांनी तपासणी केली आणि त्यांचे निदान खरे ठरले.

रोग मांडवीतच थांबला नाही. एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत शिरत त्याने सारे शहर व्यापले. लाखो लोक मुंबई सोडून गेले. सक्तीने रुग्णालयात नेतील या भीतीने कित्येकांनी घरातील आजारी माणसे लपवून ठेवली. अशा वेळी डॉक्टर जिवाची पर्वा न करता रोग्यांच्या उशाशी बसत. गलिच्छ वस्त्या स्वच्छ कराव्यात व उंदरांचा नाश करावा, असा आग्रह त्यांनी धरला. उंदरांच्या अंगावरील पिसवा हा रोग पसरवितात, याचा शोध १८९८ साली सिमाँ या फ्रेंच वैद्याने लावला. दरम्यान १८९७ च्या जानेवारीत डॉ. हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस सिद्ध केली होती. ती डॉ. व्हिएगास यांनी स्वतः सुमारे १८,००० लोकांना टोचली.

१८९८ साली नगरसुधारणेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढण्यात आले. १९०६ साली डॉ. व्हिएगास महापालिकेचे अध्यक्ष झाले. १९३३ साली ते निवर्तले. मुंबईत धोबीतलाव येथे त्यांचा पुतळा उभा आहे.

प्लेग ओसरला, पण कोंदट घरांतून श्वासावाटे पसरणारा क्षय अद्यापि आपल्यात आहे. रोग लपविल्याने वाढतो आणि वेळीच ओळखल्याने आवरता येतो, हीच डॉ. व्हिएगास यांच्या जीवनाची शिकवण होय.