शंभरीला दोन कमी : जॉन कोलमन

मेलबर्न क्रिकेट ग्राऊंड म्हटले की भारतीय रसिकाच्या डोळ्यांसमोर नाताळानंतरची कसोटी उभी राहते. प्रत्यक्ष मेलबर्नकराच्या मनात मात्र या मैदानाचे पहिले नाते सप्टेंबर महिन्याशी आणि ‘फूटी’शी असते. ‘फूटी’ म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. लंबवर्तुळाकार मैदान, लंबगोल चेंडू, प्रत्येक बाजूला अठरा खेळाडू आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेने पार केला तर गोल, म्हणजे सहा गुण. शेजारच्या खांबांतून गेला तर ‘बिहाइंड’, म्हणजे अवघा एक. लाथाडलेला चेंडू हवेतच झेलला तर त्याला ‘मार्क’ म्हणतात आणि झेलणाऱ्याला निर्वेधपणे फटका मारण्याचा हक्क मिळतो. या मार्कसाठी प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यांवरून झेपावण्याची कला ज्याने पराकोटीला नेली, तो जॉन कोलमन जेमतेम सहा मोसम खेळला. त्यातला शेवटचा तर अर्ध्यावरच संपला. तरीही विसाव्या शतकातील सर्वोत्तम संघ १९९६ साली निवडण्यात आला, तेव्हा आघाडीच्या जागेसाठी त्याचेच नाव मुक्रर झाले.

जॉन डग्लस कोलमनचा जन्म २३ नोव्हेंबर १९२८ रोजी व्हिक्टोरिया राज्याच्या किनाऱ्यावरील पोर्ट फेअरी या लहानशा गावी झाला. शिक्षण मेलबर्नच्या युनिव्हर्सिटी हायस्कूलमध्ये. पुढे मॉर्निंग्टन द्वीपकल्पातील हेस्टिंग्ज या गावाच्या संघातून तो खेळू लागला. तेथे १९४७ साली त्याने १३६ आणि १९४८ साली १६० गोल केले. गावपातळीवरचे हे आकडे शहरी जाणकार फारसे मनावर घेत नसत. मेलबर्नच्या एसेंडन क्लबच्या सरावाला तो या काळात येऊन गेला, पण मुख्य संघाचे दार काही उघडले नाही. तो पुन्हा हेस्टिंग्जला परतला.

याच दोन वर्षांत एसेंडनच्या चाहत्यांच्या वाट्याला जे आले, ते पाहिले म्हणजे कोलमनची प्रतीक्षा किती महाग पडली हे ध्यानात येते. १९४६चे विजेतेपद मिळवणारा हा संघ १९४७च्या अंतिम सामन्यात कार्ल्टनविरुद्ध अखेरच्या मिनिटापर्यंत आघाडीवर होता. कार्ल्टनच्या फ्रेड स्टॅफर्डने शेवटच्या क्षणी गोल केला आणि ८६ विरुद्ध ८५ अशा एका गुणाने करंडक निसटला. एसेंडनचे फटके होते तीस, कार्ल्टनचे एकवीस. पुढच्या वर्षी याहून विचित्र घडले. १९४८च्या अंतिम सामन्यात मेलबर्न संघाविरुद्ध एसेंडनने सात गोल आणि तब्बल सत्तावीस बिहाइंड केले. मेलबर्नने दहा गोल व नऊ बिहाइंड केले. दोघांचेही ६९ गुण झाले. इतिहासात प्रथमच अंतिम सामना बरोबरीत सुटला. चौतीस वेळा नेम धरून सातच वेळा मधल्या खांबांतून चेंडू गेला, याला दुर्दैव म्हणावे की हलगर्जीपणा? फेरसामन्यात मेलबर्नने ३९ गुणांनी बाजी मारली आणि चर्चेला जागाच उरली नाही.

त्या काळी मेलबर्नमध्ये गुरुवारची रात्र निवड समितीची असे. शनिवारच्या सामन्यासाठी अठरा जण आणि एकोणिसावा-विसावा अशा दोन राखीव खेळाडूंची नावे ठरत आणि शुक्रवारच्या वर्तमानपत्रांत ती छापून येत. कारखान्यांत, ट्राममध्ये, दारूच्या गुत्त्यांवर दिवसभर त्याच यादीचा कीस पडे. १९४९च्या मोसमाआधी एसेंडनच्या चाहत्यांपुढे एकच प्रश्न होता: गोल करणारा माणूस कोण? आघाडीला तोवर बिल ब्रिटिंगहॅम खेळत असे. १९४६ साली ६६ गोलांसह तोच व्हिक्टोरियन लीगमधील सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला होता. अशा माणसाला हलवून गावाकडच्या विशीतल्या पोराला त्याची जागा देणे सोपे नव्हते. कर्णधार व प्रशिक्षक अशी दुहेरी धुरा वाहणाऱ्या डिक रेनॉल्ड्सने तो निर्णय घेतला. ब्रिटिंगहॅम मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, बचावाच्या अखेरच्या जागी गेला, आणि तेथेही तो तितकाच भक्कम ठरला. संघाच्या पुढील दोन्ही विजेतेपदांत त्याचा वाटा होता. कोलमनच्या गौरवात हा भाग बहुधा गाळला जातो.

१६ एप्रिल १९४९. एसेंडनच्या ‘विंडी हिल’ मैदानावर हॉथॉर्नविरुद्ध कोलमनने पदार्पण केले. पहिल्याच फटक्याला गोल आणि सामना संपला तेव्हा नावावर बारा गोल! पदार्पणातला हा विक्रम पाऊण शतक उलटून गेले तरी मोडलेला नाही. त्यानंतर प्रत्येक शनिवारी त्याला पाहण्यासाठी गर्दी लोटू लागली. सहा फूट एक इंच उंची, सडपातळ बांधा, चेहऱ्यावर जवळजवळ निर्विकार भाव आणि पाठीवर दहा क्रमांक. चेंडू हवेत असतानाच तो दोन पावले धावून उसळे आणि त्याचे गुडघे बचावपटूच्या खांद्यांच्या पातळीला जात. वर गेलेले हे शरीर दर वेळी कुठेतरी खाली आदळणारच, याचा विचार त्या दिवसांत कुणी केला नसावा.

पहिल्याच मोसमाच्या अंतिम सामन्याला, पुन्हा कार्ल्टनविरुद्ध, तो ९४ गोलांवर उभा होता. एसेंडनचा विजय मध्यांतरानंतर निश्चित झाल्यासारखाच होता. प्रेक्षकांची सारी उत्कंठा त्या सहा गोलांवर एकवटली. पाच झाले. वेळ सरत आली. अखेरच्या मिनिटांत त्याने सहावा गोल केला आणि शंभरी पूर्ण झाली. एसेंडनने ७३ गुणांनी सामना जिंकला. एका गुणाच्या आणि सत्तावीस बिहाइंडच्या जखमा त्या दुपारी बऱ्याच अंशी भरून निघाल्या. १९५० साली त्याने १२० गोल केले आणि नॉर्थ मेलबर्नला नमवून संघाने विजेतेपद राखले.

१९५१ची कहाणी मात्र एसेंडनचे जुने चाहते दात-ओठ खाऊनच सांगत आले. साखळीतला शेवटचा सामना कार्ल्टनच्या मैदानावर होता. कोलमनवर त्या दिवशी हॅरी कॅस्पर या बचावपटूचा पहारा होता. कोलमनच्या मानेवर गळवे झाली होती आणि कॅस्परचे धक्के-बुक्के नेमके तेथेच बसत होते, असे सांगितले जाते. अखेर कोलमनचा तोल सुटला आणि त्याने उलट ठोसा लगावला. दोघांचीही तक्रार झाली. आधी डिवचले गेले होते ही बाब लवादापुढे मांडली गेली, तरी दोघांनाही प्रत्येकी चार सामन्यांची बंदी ठोठावण्यात आली. कॅस्परच्या संघाला पुढे खेळायचेच नव्हते. एसेंडनपुढे मात्र बाद फेरी उभी होती. निकाल ऐकून बाहेर पडताना कोलमनला अश्रू आवरले नाहीत. बावीस वर्षांच्या त्या तरुणाला चाहत्यांच्या गराड्यातून वाट काढून न्यावे लागले.

शिक्षेचा नियम सर्वांना सारखा असावा, यात वाद नाही. परंतु प्रथम मारणाऱ्याला आणि परत मारणाऱ्याला एकाच मापाने मोजल्याने न्याय झाला, असे म्हणणेही कठीण आहे. कोलमनविना एसेंडनने अंतिम सामना गाठला खरा. तेथे निवड समितीची ओढाताण इतकी झाली, की खेळाडू म्हणून निवृत्त झालेल्या रेनॉल्ड्सला विसावा खेळाडू म्हणून यादीत यावे लागले, आणि अखेरच्या पावात तो मैदानातही उतरला. जीलाँगने ८१ विरुद्ध ७० असा अकरा गुणांनी विजय मिळवला. अकरा गुण म्हणजे दोन गोलांहूनही कमी, आणि बंदी झालेला माणूस सामन्याला सरासरी पाच गोल करणारा! मेलबर्नच्या उत्तर-पश्चिम उपनगरांत या हिशेबाची उजळणी पिढ्यान्‌पिढ्या होत राहिली. जीलाँगचे चाहते अर्थातच तो हिशेब मान्य करत नाहीत. त्यांचा संघ पुढल्या वर्षीही विजेता ठरला, हे त्यांचे उत्तर असते. त्या उत्तरालाही एक पुरवणी आहे: १९५२ साली ब्रिस्बेनमध्ये दिव्यांच्या प्रकाशात झालेल्या सामन्यात याच जीलाँगविरुद्ध कोलमनने तेरा गोल केले होते.

१९५२ मध्ये १०३ आणि १९५३ मध्ये ९७ गोल. सहकारी बदलत होते, संघ पूर्वीइतका बलाढ्य उरला नव्हता, पण कोलमनचा नेम ढळला नाही. १९५४ साली फिट्झरॉयविरुद्ध त्याने एका सामन्यात चौदा गोल केले. ही त्याच्या कारकिर्दीतील सर्वोच्च कामगिरी होती. त्याच्या पुढच्याच सामन्यात, ५ जून रोजी, नॉर्थ मेलबर्नविरुद्ध विंडी हिलवर तो पडला आणि त्याचा गुडघा निखळला. वय वर्षे पंचवीस.

आज गुडघ्याचा अस्थिबंध तुटलेला खेळाडू शस्त्रक्रियेनंतर साधारण वर्षभरात मैदानावर परततो. त्या काळी अशा दुखापतीवर खात्रीचा इलाज नव्हता. शस्त्रक्रिया झाली, विश्रांती झाली, व्यायाम झाला. दर मोसमाच्या आरंभी शुक्रवारच्या यादीत दहा क्रमांकाचे नाव आहे का, हे लोक पाहत राहिले. १९५६च्या मोसमापूर्वी त्याने पुनरागमनाचा प्रयत्न केला, परंतु गुडघ्याने साथ दिली नाही आणि त्याने निवृत्ती पत्करली. ९८ सामने, ५३७ गोल. शंभर सामने पूर्ण व्हायला दोन कमी पडले. त्याच्या गैरहजेरीत एसेंडनने १९५७ आणि १९५९ असे दोन अंतिम सामने मेलबर्न संघाविरुद्ध गमावले.

दरम्यान १९५५ साली त्याचा विवाह झाला. दोन मुली झाल्या. हॉटेलच्या व्यवसायात त्याने बस्तान बसवले. १९६१ साली रेनॉल्ड्सच्या जागी एसेंडनचा प्रशिक्षक म्हणून त्याची नेमणूक झाली. मैदानावर अबोल वाटणारा हा माणूस बाजूच्या बाकावर कमालीचा अस्वस्थ असे. पंचांशी त्याचे फारसे जमत नसे. १९५१ची आठवण असलेल्यांना त्याचे नवल वाटले नाही. दुसऱ्याच वर्षी, १९६२ साली, जॅक क्लार्कच्या नेतृत्वाखालील संघाने कार्ल्टनला ३२ गुणांनी हरवून विजेतेपद मिळवले. १९६५ साली साखळीत चौथ्या स्थानावर राहूनही केन फ्रेझरच्या संघाने बाद फेरीतले सारे सामने जिंकले आणि अंतिम सामन्यात सेंट किल्डाला ३५ गुणांनी नमवले. प्रशिक्षक म्हणून तो दोन अंतिम सामने खेळला आणि दोन्ही जिंकला. खेळाडू म्हणून ज्या अंतिम सामन्यांत तो प्रत्यक्ष उतरला, तेही दोनच, आणि तेही दोन्ही जिंकलेले.

प्रकृती साथ देईनाशी झाल्याने १९६७च्या अखेरीस त्याने प्रशिक्षकपद सोडले. पुढच्याच वर्षी एसेंडनने कार्ल्टनपेक्षा एक गोल अधिक करूनही अंतिम सामना तीन गुणांनी गमावला. पुढचे विजेतेपद थेट १९८४ साली आले.

अखेरची वर्षे त्याने मॉर्निंग्टन द्वीपकल्पातच, ड्रोमाना येथे हॉटेल चालवत काढली. हेस्टिंग्ज तेथून फार दूर नाही. ५ एप्रिल १९७३ रोजी हृदयविकाराने त्याचे निधन झाले. तेव्हा तो ४४ वर्षांचा होता. १९८१ पासून साखळी सामन्यांत सर्वाधिक गोल करणाऱ्या खेळाडूला त्याच्या नावाचे पदक दिले जाते. ‘कोलमन मेडल’ कोण जिंकणार, यावर दर हिवाळ्यात मेलबर्नमध्ये पैजा लागतात.