विश्लेषण : पाचव्या घातापाशी बीजगणिताचे सूत्र का अडले?

क्ष² − ५क्ष + ६ = ० हे समीकरण दहावीत जवळपास सगळ्यांनीच सोडवलेले असते. मधल्या पदाची फोड −२क्ष आणि −३क्ष अशी केली, की अवयव पडतात : (क्ष − २)(क्ष − ३). गुणाकार शून्य, म्हणजे त्यातला एक तरी अवयव शून्य. उत्तर २ किंवा ३. अवयव सहज पडले नाहीत तर वर्गसमीकरणाचे सूत्र आहेच. तिसऱ्या आणि चौथ्या घाताची सूत्रेही इटलीत सापडली आणि कार्दानो यांनी ती १५४५ मध्ये छापली. पाचव्या घाताचे सूत्र मात्र त्यानंतर पावणेतीनशे वर्षे कोणालाच सापडले नाही. ते का सापडत नाही, हे नॉर्वेतल्या एका कर्जबाजारी तरुणाने दाखवले.

कोण होता आबेल?

नील्स हेन्रिक आबेल याचा जन्म ५ ऑगस्ट १८०२ चा. वडील धर्मोपदेशक. ते १८२० मध्ये वारले आणि घराचा भार अठराव्या वर्षीच त्याच्यावर आला. होल्म्बो या शिक्षकांनी त्याची बुद्धी शाळेतच हेरली होती. १८२१ मध्ये आबेलला वाटले, पाचव्या घाताचे सूत्र आपल्याला सापडले! त्यात चूक काढू शकेल असे नॉर्वेत कोणी नव्हते. लेखन कोपनहेगनच्या देगेन यांच्याकडे गेले. त्यांनी एवढेच मागितले, की आकडे घालून एक उदाहरण सोडवून दाखव. ते करताना आबेलला स्वतःचीच चूक सापडली.

मग त्याने प्रश्नच उलटा केला : असे सूत्र असूच शकत नाही का? इटलीच्या रुफिनी यांनी १७९९ मध्ये तसा दावा केला होता, पण सिद्धतेत एक दुवा निसटला होता. आबेलने १८२४ मध्ये सिद्धता पूर्ण केली.

याचा अर्थ उत्तरच नाही?

नाही, हा नेहमीचा गैरसमज. क्ष⁵ − क्ष = ० चे अवयव सहज पडतात; ०, १ आणि −१ ही उत्तरे लगेच दिसतात. क्ष⁵ − क्ष − १ = ० लाही उत्तर आहे, साधारण १.१६७. पण बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि मुळे एवढ्याच साधनांनी ते लिहिता येत नाही. म्हणूनच पाचव्या घाताच्या सगळ्या समीकरणांना चालेल असे सूत्र या साधनांतून बनत नाही.

सहा पानांची किंमत

छपाई स्वखर्चाने होती. पैसे वाचवायला त्याने सिद्धता सहा पानांत कोंबली, इतकी की ती कळणे अवघड झाले. थोर गणिती गाउस यांना पाठवलेली प्रत त्यांच्या मृत्यूनंतर पाने न फाडलेलीच सापडली, असे सांगतात.

बर्लिनमध्ये क्रेले यांनी मात्र त्याला ओळखले आणि १८२६ मध्ये आपल्या नियतकालिकात सविस्तर सिद्धता छापली. त्याच वर्षी पॅरिसच्या अकादमीला दिलेला त्याचा दुसरा मोठा निबंध कोशी यांच्याकडे पडून राहिला. तो परदेशी असतानाच मायदेशी विद्यापीठातली जागा होल्म्बो यांनाच मिळाली. मैत्री टिकली, पण परतल्यावर आबेलला शिकवण्या कराव्या लागल्या.

आज त्याच्या नावाचा आबेल पुरस्कार गणितातला नोबेल मानला जातो. २००७ मध्ये तो श्रीनिवास वरदन यांना मिळाला. आबेल स्वतः क्षयाने ६ एप्रिल १८२९ रोजी, सव्वीसाव्या वर्षी गेला. बर्लिनमधील नोकरी पक्की झाल्याचे क्रेले यांचे पत्र ८ एप्रिलचे आहे.