बर्फातले पाणी मोजणारा प्राध्यापक

डोंगरावर साठलेल्या बर्फातून उन्हाळ्यात किती पाणी मिळेल, याचा अंदाज आज हिवाळा संपतानाच बांधला जातो. विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र अमेरिकेच्या नेवाडा राज्यात हा प्रश्न मोठ्या वादाचे कारण ठरला होता. त्याचे उत्तर शोधणारे जेम्स एडवर्ड चर्च हे ना अभियंते होते, ना हवामानतज्ज्ञ. ते लॅटिन शिकवत.

चर्च यांचा जन्म १८६९ मध्ये मिशिगन राज्यातील होली या गावी झाला. १८९२ मध्ये ते रिनो येथील नेवाडा विद्यापीठात अध्यापक म्हणून रुजू झाले. रिनोच्या नैऋत्येला माउंट रोझ हे सुमारे ३,२८५ मीटर उंचीचे शिखर आहे. हिवाळ्यात त्या वाटेला सहसा कोणी जात नसे. चर्च यांनी १८९५ मध्ये ऐन हिवाळ्यात ते सर केले आणि या शिखराशी त्यांचे नाते कायमचे जुळले.

१९०५-०६ मध्ये त्यांनी शिखरावर हवामान वेधशाळा उभारली. नोंदी आणण्यासाठी भर हिमवर्षावाच्या दिवसांतही वर जावे लागे. लाकडी चौकटीत चामड्याच्या वाद्या विणलेल्या रुंद हिमपादुका पायांना बांधून ते ही चढण चढत. शरीराचा भार मोठ्या पृष्ठभागावर विभागला जात असल्याने भुसभुशीत बर्फात पाय खोल रुतत नसे.

याच सुमारास शिखराच्या पायथ्यापलीकडील टाहो सरोवरावरून संघर्ष पेटला होता. काठावरील जमीनमालकांना पुराची धास्ती होती, तर ट्रकी नदीकाठचे शेतकरी आणि वीज कंपनी यांना उन्हाळ्यासाठी पाणी साठवून हवे होते. १९०७ मध्ये सरोवराची पातळी विक्रमी उंचीला पोहोचली. पाणी केव्हा आणि किती सोडावे, हे ठरवण्यासाठी कोणाकडेच खात्रीचा आधार नव्हता.

बर्फाची नुसती खोली फसवी असते. ताजा बर्फ हलका, तर दबलेला बर्फ जड असतो. म्हणून चर्च यांनी दातेरी कडेची धातूची पोकळ नळी तयार केली. ती बर्फात जमिनीपर्यंत खुपसायची, आत अडकलेल्या बर्फासह बाहेर काढून तोलायची आणि वजनावरून पाण्याचे प्रमाण काढायचे, अशी ही रीत होती. वसंताच्या तोंडावर बर्फातील पाणी सरासरीच्या किती टक्के आहे, यावरून सरोवर किती चढेल, हे आधीच सांगता येऊ लागले. वादाला मोजमापाचा आधार मिळाला. मधूनमधून मोकळ्या जागा असलेले सदाहरित जंगल बर्फ अधिक काळ धरून ठेवते, हेही त्यांनी निरीक्षणांतून दाखवून दिले.

पुढे १९२०च्या दशकात ते ग्रीनलंडच्या मोहिमांत सहभागी झाले. वयाची पंच्याहत्तरी उलटल्यावर, १९४७ च्या सुमारास, हिमालयातील बर्फाच्या सर्वेक्षणासाठी ते भारतातही आले होते. हिमालयातून उगम पावणाऱ्या नद्यांवर कोट्यवधींची शेती अवलंबून असल्याने या कामाचे मोल मोठे होते.

१९५९ मध्ये रिनो येथे वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. विद्यापीठातील ललित कलांच्या इमारतीला चर्च यांचे नाव आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागात आता स्वयंचलित यंत्रे बर्फ मोजतात. तरीही अनेक ठिकाणी सर्वेक्षक आजही हिमपादुका बांधून, त्यांच्याच धर्तीची नळी खांद्यावर घेऊन डोंगर चढतात.