प्राध्यापक बाबासाहेब आंबेडकर : आत्मभान जपणारा शिक्षक

घटनेचे शिल्पकार, कायदेपंडित, अर्थशास्त्रज्ञ आणि धम्मक्रांतीचे प्रवर्तक ही डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची रूपे समाजमनावर कोरली गेली आहेत. जयंतीच्या मिरवणुकीत, विहारातील वंदनेत आणि शाळेच्या भिंतीवरील तसबिरीत ती आपणांस नित्य भेटतात. मात्र आयुष्यातील काही वर्षे त्यांनी महाविद्यालयात अध्यापक म्हणून घालवली, याचे स्मरण आम्हा शिक्षकांनाही क्वचितच होते. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांच्या चरित्रातील हा धागा आम्ही उलगडू पाहत आहोत. शिक्षकाने स्वतःला ओळखणे म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर आम्हांस याच धाग्यात सापडले आहे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. तो दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. परंतु ज्या वर्गात ते गेले, तेथे त्यांना इतर मुलांपासून दूर, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी त्यांना गणित सोडवण्यासाठी फळ्याजवळ बोलावले, तेव्हा वर्गात एकच गोंधळ उडाला. फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे विटाळतील या भीतीने मुले धावली आणि ते डबे त्यांनी बाजूला काढले. त्यानंतरच भीमरावांना फळ्यापर्यंत जाता आले. शाळेत संस्कृत शिकण्याची इच्छाही त्यांना मारावी लागली आणि फारसी घ्यावी लागली.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून या प्रसंगाचा विचार करताना आमचे लक्ष त्या फळ्याकडे जाते. शिक्षकाला वाटते, फळा सर्वांसाठी आहे. पण त्या फळ्यापर्यंत पोहोचण्याची वाट प्रत्येक मुलाला सारखी मोकळी नसते. ज्याला ती वाट अडलेली कधीच दिसली नाही, तो शिक्षक कितीही विद्वान असला, तरी आपल्या वर्गाला पुरता ओळखत नाही.

अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिक्षण घेऊन आणि बडोद्याच्या नोकरीत अस्पृश्यतेचे चटके सोसून बाबासाहेब मुंबईत आले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातील पाणी त्यांनी पिऊ नये, असा आक्षेप तेथील काही सहकाऱ्यांनी घेतला. साताऱ्याचा नळ असा सिडनहॅमपर्यंत त्यांच्या पाठीमागे आला होता. विद्यार्थ्यांनीही प्रारंभी या नव्या प्राध्यापकाला फारसे महत्त्व दिले नाही. पण विषयाचा सखोल व्यासंग आणि मुद्देसूद विवेचन यांच्या बळावर त्यांनी वर्ग जिंकला. त्यांची व्याख्याने ऐकण्यासाठी अन्य महाविद्यालयांतील विद्यार्थीही परवानगी काढून येऊ लागले. अपमानाला त्यांनी दिलेले हे पहिले उत्तर तयारीचे होते. ज्याचा अधिकार पदोपदी तपासला जाणार आहे, त्याला अपुऱ्या तयारीनिशी वर्गात जाणे परवडत नाही, ही जाण त्यामागे होती, असे आम्ही मानतो.

याच काळात, ३१ जानेवारी १९२० रोजी, ‘मूकनायक’ पाक्षिक सुरू झाले. सरकारी महाविद्यालयात प्राध्यापक असल्यामुळे बाबासाहेबांना उघडपणे संपादकपद घेता येत नव्हते. संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव लागले. पत्रामागची प्रेरणा बाबासाहेबांची होती. आपण कोणत्या पदावर आहोत, त्या पदाच्या मर्यादा कोणत्या आणि त्या सांभाळूनही समाजाचे कोणते काम थांबता कामा नये, याचा पूर्ण विचार या निर्णयात दिसतो.

आम्हांस सर्वांत अधिक विचार करायला लावते, ती त्यानंतरची घटना. प्राध्यापकी स्थिर होती आणि विद्यार्थ्यांत नावलौकिक झाला होता. तरीही मार्च १९२० मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली. पगारातून केलेली बचत, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांच्या आधारावर ते लंडनला गेले आणि पुन्हा विद्यार्थी झाले. आपले शिक्षण अपुरे राहिले आहे, हे त्यांनी प्राध्यापकाच्या खुर्चीत बसूनही विसरू दिले नाही. लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावर त्यांनी लिहिलेला प्रबंध परीक्षकांनी पहिल्या वेळी आहे तसा स्वीकारला नाही. त्यात फेरबदल करण्यास सांगितले. ते काम त्यांनी पूर्ण केले आणि १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. ही पदवी मिळाली. त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी ग्रंथाला प्रस्तावना लिहिताना आपले मतभेद मोकळेपणाने नोंदवले आणि ती प्रस्तावना ग्रंथात छापली गेली. गुरू आणि शिष्य दोघांचेही मोठेपण त्यात आहे.

पुढे १९२८ मध्ये मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले आणि जून १९३५ मध्ये ते तेथे प्राचार्य झाले. माता रमाई यांचे निधन २७ मे १९३५ रोजी झाले होते. घरातील तो आघात ताजा असतानाच ही जबाबदारी त्यांनी स्वीकारली. प्राचार्य असताना कायद्याच्या शिक्षणात कोणत्या सुधारणा हव्यात, यावर त्यांनी महाविद्यालयाच्या नियतकालिकात विस्ताराने लिहिले. संस्थेच्या प्रमुखाने आपल्याच शिक्षणपद्धतीची चिकित्सा करावी, ही गोष्ट आजही दुर्मीळ आहे.

१९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय सुरू झाले. औरंगाबादच्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद हा ग्रीक राजा आपल्या विद्वत्तेचा अभिमान बाळगणारा होता. भिक्खू नागसेन यांच्याशी त्याने वाद केला, प्रश्नांमागून प्रश्न विचारले आणि उत्तर पटल्यावर ते प्रांजळपणे मान्य केले. आपले अपुरेपण कबूल करण्याचे बौद्धिक धैर्य त्या नावात साठवलेले आहे. बाबासाहेबांनी स्वतःही ते आचरले. बुद्धांवरील आपल्या ग्रंथाचा आरंभीचा मसुदा त्यांनी १९५१ मध्ये खासगी वितरणासाठी छापला आणि नंतर त्याला अंतिम रूप देण्यासाठी ते अखेरपर्यंत झटले. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ग्रंथ १९५७ मध्ये प्रकाशित झाला.

हे चरित्र आम्ही वर्षानुवर्षे वर्गात शिकवत आलो. पण ते स्वतःला लावून पाहण्यास आम्हांस उशीर झाला, ही कबुली येथे देणे आवश्यक वाटते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका संध्याकाळी, त्या आठवड्यात आपण कोणाकोणाला फळ्याजवळ बोलावले, त्यांची नावे आठवून आम्ही वहीत लिहिली. सहा-सात नावांपुढे लेखणी सरकेना. ती बहुतेक नोकरदारांच्या घरची, चटकन हात वर करणारी मुले होती. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची मुले त्या यादीत नव्हती. ती मागच्या ओळीत मुकाट बसत आणि त्यांच्या गप्प राहण्याला आम्ही मंदपणा समजत होतो. आमच्या वर्गात गोणपाट नव्हते, नळावर पहारा नव्हता, रोज सकाळी बुद्धवंदना होत होती. तरीही फळ्याकडे जाणारी वाट काही मुलांसाठी बंद होती आणि ती आम्हीच बंद केली होती. त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही.

तेव्हापासून दर शनिवारी ती यादी लिहिण्याचा परिपाठ आम्ही ठेवला आहे. अष्टांगिक मार्गातील सम्यक स्मृती म्हणजे आपल्या मनाच्या हालचालींवर सतत लक्ष ठेवणे. शिक्षकासाठी तिचा आरंभ इतक्या साध्या यादीपासूनही होऊ शकतो, असा आमचा अनुभव आहे. यादी कधी समाधान देते, कधी खाली मान घालायला लावते.

या शाळेतून बाहेर पडलेले अनेक विद्यार्थी आज शिक्षक, मुख्याध्यापक, अधिकारी झाले आहेत. कोणाला बोलवायचे आणि कोणाला मागे बसू द्यायचे, हे ठरवण्याचा अधिकार आज त्यांच्या हाती आहे. त्यांनी आपल्या वर्गाची, कार्यालयाची अशी एक यादी एकदा तरी लिहून पाहावी. पालकांनीही आम्हा शिक्षकांना विचारावे, की आमचे मूल फळ्यापर्यंत गेले होते काय? या प्रश्नाचा राग आम्ही मानणार नाही. बाबासाहेबांना गुरुस्थानी मानणाऱ्या शिक्षकाने तो मानताही कामा नये.

जय भीम!