विश्लेषण : नीना सिमोन यांच्या संगीताला ‘जॅझ’ कोणी ठरवले?

नीना सिमोन यांचे नाव आजही जॅझ गायिकांच्या यादीत घेतले जाते. त्यांना स्वतःला मात्र हा शिक्का मान्य नव्हता. त्यांना व्हायचे होते पाश्चात्त्य अभिजात संगीतातील पियानोवादक. ते का जमले नाही आणि त्यांची गाणी अमेरिकेतील नागरी हक्क चळवळीचा आवाज कशी बनली?

पुढच्या रांगेचा हट्ट

मूळ नाव यूनिस वेमन. जन्म २१ फेब्रुवारी १९३३ रोजी नॉर्थ कॅरोलायनातील ट्रायॉन या छोट्या गावात. आई धर्मोपदेशक, शिवाय गोऱ्यांच्या घरी घरकाम करणारी. चर्चमध्ये पियानो वाजवणाऱ्या या मुलीला एका गौरवर्णीय शिक्षिकेने बाख शिकवला, गावाने तिच्या शिक्षणासाठी निधी उभारला. अकरा-बारा वर्षांची असताना तिच्या जाहीर वादनाला आईवडील पुढच्या रांगेत बसले होते. गोऱ्या प्रेक्षकांसाठी त्यांना उठवून मागे पाठवले गेले. ते पुढे येईपर्यंत वाजवणार नाही, असे तिने सांगितले. ते पुढे आले, मगच वादन सुरू झाले.

नकार रंगामुळे?

न्यूयॉर्कच्या ज्युलियार्डमध्ये काही काळ शिकल्यावर १९५१ मध्ये तिने फिलाडेल्फियातील कर्टिस संस्थेची परीक्षा दिली. प्रवेश मिळाला नाही. रंगामुळेच नाकारले, ही त्यांची खात्री अखेरपर्यंत टिकली. दुसरी बाजूही आहे : जागा मोजक्या होत्या आणि जॉर्ज वॉकर हे कृष्णवर्णीय पियानोवादक १९४५ मध्ये याच संस्थेतून पदवी घेऊन बाहेर पडले होते. पण आईवडिलांना मागच्या रांगेत ढकललेले पाहिलेल्या मुलीला नकाराचे दुसरे कारण पटावे तरी कसे?

पोटापाण्यासाठी १९५४ मध्ये त्या अटलांटिक सिटीतील एका बारमध्ये वाजवू लागल्या. गायलीस तरच नोकरी, अशी मालकाची अट होती. आईला कळू नये म्हणून नाव बदलले. गाणे असे गळ्यात पडले, बोटांतला बाख मात्र गेला नाही. ‘लव्ह मी ऑर लीव्ह मी’ या प्रेमगीताच्या मध्यावर त्या पियानोवर थेट बाखच्या पद्धतीची सुरावट गुंफतात. समीक्षकांनी तरीही जॅझच म्हटले. कृष्णवर्णीय कलावंत म्हणजे जॅझ, असे हे समीकरण असल्याचा त्यांचा आक्षेप होता. आपल्या संगीताला त्या कृष्णवर्णीयांचे अभिजात संगीत म्हणत.

बंदुकीऐवजी गाणे

जून १९६३ मध्ये मिसिसिपीत नागरी हक्क कार्यकर्ते मेडगर एव्हर्स यांची हत्या झाली. सप्टेंबरमध्ये बर्मिंगहॅमच्या चर्चमधील बॉम्बस्फोटात चार मुली मारल्या गेल्या. संतापलेल्या सिमोन घरातल्या सामानातून बंदूक बनवायला बसल्या. तुला मारण्यातले काय कळते, असे सांगून पतीने त्यांना थांबवले. ते पूर्वी पोलिसांत होते. तासाभरात ‘मिसिसिपी गॉडडॅम’ तयार झाले. चाल नाटकातल्या पदासारखी खेळकर, शब्द जहाल. दक्षिणेतल्या अनेक रेडिओ केंद्रांनी ते वाजवले नाही. एका ठिकाणाहून तर खोकाभर तबकड्या दोन तुकडे करून परत आल्या.

१९६६ च्या ‘फोर विमेन’मध्ये वेगवेगळ्या वर्णछटांच्या चार कृष्णवर्णीय स्त्रिया आपली ओळख सांगतात. त्वचेचा उजळपणा समाजाच्या आतही कशी उतरंड रचतो, हे त्यात उघड होते. हा आपलाच अपमान समजून काही कृष्णवर्णीय श्रोते दुखावले आणि काही केंद्रांनी ते बंद केले. एकीकडे गोऱ्यांचा राग, दुसरीकडे आपल्यांचा.

सत्तरच्या दशकात त्यांनी अमेरिका सोडली. बार्बाडोस, लायबेरिया, स्वित्झर्लंड, शेवटी फ्रान्स. थकलेला कर आणि मानसिक आजार सोबत होतेच. २१ एप्रिल २००३ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच्या काही दिवस आधी कर्टिसने त्यांना मानद पदवी दिली होती.

रंगाचा वाद मात्र मृत्यूनंतरही संपला नाही. २०१६ मधील ‘नीना’ या चरित्रपटात अभिनेत्री झोई साल्दान्या यांची त्वचा रंगरंगोटीने गडद करण्यात आली, कृत्रिम नाक लावण्यात आले. त्यावर टीकेची झोड उठली. २०२० मध्ये साल्दान्या यांनी ही भूमिका स्वीकारल्याबद्दल माफी मागितली.